सरकारचं घर

राजवाडे पाहायला जाताना सोबत कुणाला न्यावं, याचा विचार घरून निघण्यापूर्वीच करावा. इतिहासाचा प्राध्यापक बरोबर असला तर सनावळ्या ऐकाव्या लागतात. मुलं असली तर राजवाड्यापेक्षा कुल्फीवाला मोठा ठरतो. मी बडोद्याचे वाडे आणि बागा पाहिल्या त्या पंचाहत्तरीला टेकलेल्या माझ्या आईबरोबर, आणि अजून मला नीट सांगता येत नाही की मी राजवाडा पाहिला की आईला पाहिलं.

हट्ट तिचाच होता. "सरकारचं घर पाहायचंय," असं ती गेली कित्येक वर्षं म्हणत होती, आणि मी दर दिवाळीला "या सुटीत नक्की" म्हणून वेळ मारून नेत होतो. तिच्या तोंडी सरकार म्हणजे मुंबईचं किंवा दिल्लीचं नव्हे. सरकार म्हणजे गायकवाड सरकार! आईचं माहेर सोनगडजवळचं. आम्ही खांडबाऱ्याचे गावीत. पलीकडे याच माणसांना गामीत म्हणतात. रूळ एकच, जंगल एकच, बोलीही जवळजवळ एकच. मधे नवापूरचं स्टेशन मात्र असं आहे की तिथल्या एका बाकाचं एक टोक महाराष्ट्रात आणि दुसरं गुजरातेत. आई लग्न होऊन बाकाच्या या टोकाला आली, एवढंच.

तिचे वडील सोनगडच्या बोर्डिंगात शिकले. सयाजीराव महाराजांनी १८८५च्या सुमारास रानातल्या लोकांच्या मुलांसाठी ते काढलं. राहणं, जेवणं, शिकणं सगळं फुकट. आजोबा तिथे गुजराती लिहायला-वाचायला शिकले, आणि जन्मभर महाराजांचा एक फोटो त्यांच्या घरात देवांच्या ओळीत टांगलेला होता. आई त्या फोटोखाली लहानाची मोठी झाली. तिला स्वतःला मात्र अक्षरओळख नाही.

निघायच्या आदल्या रात्री पाहतो तो तिनं शेरभर तुरीची डाळ फडक्यात बांधून पिशवीत ठेवलेली. "ही कशाला?" "कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जातात का?" मी सांगितलं की तिथे तिकीट काढून आत जायचं असतं. त्यावर ती म्हणाली, "पण घरात माणसं राहतात ना?" राहतात, हे खरंच होतं. गायकवाडांचं कुटुंब आजही लक्ष्मी विलास राजवाड्यात राहतं आणि राजवाड्याचा काही भागच लोकांना पाहता येतो. मग मी काय बोलणार? डाळ आमच्याबरोबर निघाली. चिंचपाडा गेलं, नवापूर गेलं, उकाई-सोनगड आल्यावर आईनं खिडकीतून किल्ल्याच्या डोंगराला हात जोडले. पिलाजीराव गायकवाडांनी हा किल्ला १७१९च्या सुमारास मेवासी भिल्लांकडून घेतला आणि इथूनच गायकवाडीचा पसारा वाढला. म्हणजे आई ज्या डोंगराला हात जोडत होती तो मुळात कुणाचा, हा प्रश्न मराठीच्या मास्तराला सुचला खरा. पण सकाळच्या गाडीत, चहाच्या कपावर, आईशी असले प्रश्न काढू नयेत.

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं पिशवी उघडली आणि डाळीकडे पाहून तो गोंधळला. मी ओशाळलो. आई अजिबात ओशाळली नाही. "सरकारसाठी आहे," तिनं गुजरातीत सांगितलं. तो बिचारा भला माणूस. त्यानं हसून गाठोडं बाजूला ठेवलं आणि "परतताना घेऊन जा, बा," म्हणाला.

लक्ष्मी विलास राजवाडा १८९० साली पुरा झाला. मेजर चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुकारानं त्याचा आराखडा केला. १८८१ साली तो वारला आणि पुढचं काम रॉबर्ट चिझमनं पार पाडलं. घुमट, कमानी, छत्र्या, मनोरे, जाळ्या. राजस्थान, गुजरात आणि युरोप यांचं एकाच ताटात वाढलेलं जेवण. सगळे पदार्थ उत्तम, पण कुठल्या पदार्थानं सुरुवात करावी ते कळत नाही. आत शिरताना कानाला लावायचं एक यंत्र देतात. तुम्ही ज्या दालनात उभे असाल त्याची माहिती ते सांगतं. मी सवयीनं भिंतींवरच्या पाट्या वाचत पुढे जात होतो आणि निम्मं ऐकतच नव्हतो. आईनं गुजराती निवडली होती, आणि ती प्रत्येक दालनात यंत्राचा शेवटचा शब्द संपेपर्यंत हलत नसे. ज्या घरात पाटी नाही, कागद नाही, नुसतं कुणीतरी कानाशी बसून सांगतं आहे, असं घर तिला आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं होतं. मी दोनदा "चल" म्हणालो. दोन्ही वेळा तिनं मला हातानं गप्प केलं.

दरबार हॉलच्या दारात तिनं चपला काढल्या. व्हेनिसच्या कारागिरांनी केलेली ती चकाकती जमीन, बेल्जियमच्या रंगीत काचांतून तिच्यावर पडलेलं ऊन. आई कडेकडेनं चालली, शेणानं नुकत्या सारवलेल्या जमिनीवरून चालावं तशी. राजा रविवर्म्याला सयाजीरावांनी पुराणातल्या प्रसंगांची चित्रं काढायला सांगितली होती, तीही पाहिली. जरीकाठी पातळातल्या त्या सुंदर स्त्रियांपुढे आई बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "यातली एकही शेतात गेलेली दिसत नाही." रविवर्म्यावर मी बरंच वाचलं आहे, इतकं थोडक्यात कुणी लिहिलेलं नाही.

यंत्र दगडांविषयी बोललं. तांबडा दगड आग्र्याकडचा, निळसर काळा पुण्याकडचा. आईनं नीट ऐकून घेतलं आणि एका उंच दारापाशी थांबून फळीवर हात ठेवला. "आणि लाकूड?" लाकडाचं ते काही बोललं नव्हतं. "हा साग आपल्याकडचा असेल?" तिचे आजोबा जंगलातून ठेकेदाराची लाकडं बैलगाडीवर वाहायचे, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. पुराव्यावाचून विधान करू नये असं मी वर्गात पोरांना बजावतो. पण मी म्हणालो, "असेल."

बाहेर हिरवळीवर बसल्यावर मी तिला कवळाण्याची गोष्ट सांगितली. सयाजीराव जन्मानं राजपुत्र नव्हेत. मालेगावजवळच्या कवळाण्याच्या शेतकऱ्याचा हा मुलगा, मूळ नाव गोपाळ. मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी पदच्युत केल्यावर १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतलं. बारा वर्षांचा होता आणि लिहितावाचता येत नव्हतं. "बारा वर्षं?" आईनं दोनदा विचारलं. मग म्हणाली, "म्हणजे तोही इकडचाच. उशिराच शिकला."

दुपारी तांबेकरवाड्यात गेलो. भाऊ तांबेकर एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बडोद्याचे दिवाण होते. चार मजल्यांचा हा लाकडी मराठी वाडा जुन्या वस्तीच्या दाटीत उभा आहे. राजवाडा पाहून आलेला माणूस इथे थोडा खट्टू होतो. पण वरच्या मजल्यावर भिंती चित्रांनी भरल्या आहेत: कृष्णाच्या लीला, महाभारत, इंग्रजांशी लढाया, मधेच टोपीतल्या गोऱ्या मडमाही. रंग ठिकठिकाणी उडाले आहेत. आई उभ्या जिन्यानं, कठडा धरून, एकेक पायरी करत वर आली. मात्र चित्रांआधी तिनं खांब पाहिला, बोटाच्या पेरानं वाजवला आणि समाधानानं मान हलवली. हे घर तिला कळलं. खांब, तुळई, पाट्या. आमच्या खांडबाऱ्याच्या घरात हेच सगळं आहे, फक्त कुडाच्या भिंती आणि कौलं घालून. राजवाड्यात ती पाहुणी होती, इथे मात्र सुताराचं काम तपासायला आलेल्या घरधनिणीसारखी फिरत होती.

मकरपुऱ्याच्या राजवाड्यात आता हवाई दलाचं प्रशिक्षण चालतं आणि नजरबाग तर २०१४मध्ये पाडलीच, तेव्हा तिसरं घर नव्हतं. संध्याकाळी सयाजीबागेत गेलो. १८७९ साली महाराजांनी विश्वामित्रीच्या काठी लोकांसाठी केलेली ही बाग. फुलांचं घड्याळ आईला आवडलं नाही. तिच्या मते फुलांना कामाला लावायचं काही कारण नव्हतं. वाफ्यात गवत उपटणाऱ्या एका बाईशी मात्र तिचं चांगलं जमलं. बाई छोटा उदेपूरकडच्या. पाऊस, भाव, पोरं, सगळं बोलून झाल्यावर आईनं पिशवीतून गाठोडं काढून तिच्या हातात दिलं. "सरकारसाठी आणली होती," असंही तिला सांगितलं. ती बाई हसली आणि डाळ पदरात घेतली.

बागेच्या फाटकाशी महाराजांचा घोड्यावरचा पुतळा आहे. बडोद्यात त्याला काळा घोडा म्हणतात. रिक्षा मिळेपर्यंत आम्ही तिथे उभे होतो. आई देवालाही तू म्हणते, तशीच तिथेही म्हणाली, "माझ्या बापाला शिकवलंस. पोरीलाही शिकव, एवढं त्याला सांगायचं तुझं राहून गेलं."

राहून गेलं नव्हतं. १८९३ला अमरेलीत प्रयोग करून १९०६ साली महाराजांनी सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्यात मुलीही होत्या. सात ते दहा वर्षांच्या. आईच्या जन्माआधीच, १९४९मध्ये, संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, हे खरं. पण आजोबा त्याच कायद्याच्या राज्यात वाढले होते, शिकले होते. त्यांनी माझ्या दोन्ही मामांना शाळेत घातलं आणि हिला गुरांमागे पाठवलं. हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. आईनं पुतळ्याला नमस्कार केला, रिक्षा आली, आणि मी ते गिळलं. अजूनही तिला सांगितलेलं नाही.

परतीच्या गाडीत सोनगड अंधारात आलं. आई झोपली असेल असं मला वाटलं होतं. पण ती खिडकीला कपाळ टेकून बसली होती.

"लाकडाचं तो काहीच बोलला नाही, नाही का?" ती म्हणाली.