अडीच पेरे

माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीला अडीच पेरे आहेत. साहित्यिकांच्या बैठकीत मी चहाचा कप उचलला, की समोरच्याची नजर तिकडे जाते आणि विचारावे की विचारू नये, अशी त्याची चुळबूळ सुरू होते. कादंबरीकाराचे बोट तुटले म्हणजे त्यामागे काहीतरी जळजळीत कहाणी असणार, अशी बिचाऱ्याची अपेक्षा. मी सांगतो, “मोटारसायकलच्या चेनमध्ये गेले,” आणि त्याचा चेहरा पडतो.

माझी शाळा भोरच्या पश्चिमेला, वरंध घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, डोंगराच्या खांद्यावर आहे. नीरा-देवघरच्या पाण्याकाठचे डांबर सुटले, की पुढे चार किलोमीटर तांबडी माती, धोंडे आणि दोन ओढे. साध्या गाडीने तिथे दोन पावसाळ्यांत मान टाकली. म्हणून डांबरावर आणि डांबर नसले तरीही चालणारी, उंच टाचांची, दीडशे सीसीची एक जुनी गाडी मी घेतली. सौभाग्यवती म्हणाल्या, “या वयात?” मी उत्तर दिले नाही. चाळिशी उलटलेल्या माणसाला या प्रश्नावर उत्तर नसते.

आपल्या नेहमीच्या गाड्यांची चेन पुष्कळदा पत्र्याच्या पेटीत झाकलेली असते. हिची उघडी. उघडी वस्तू दिसते, आणि दिसते तिची काळजी घ्यावीशी वाटते. दर रविवारी मी इंजिनातले काढलेले जळके ऑइल ब्रशने तिच्यावर फासत असे. काळीभोर, तुकतुकीत चेन पाहून मला फार समाधान वाटे. सोमवारी पहिल्या ओढ्यापाशीच तिच्यावर मातीचा थर बसे. तेल आणि माती मिळून जो लेप होतो, तो म्हणजे पातळ केलेला पॉलिशपेपरच. पण हे मला कोणी सांगेपर्यंत कळले नव्हते.

सांगितले ते भोरच्या मिस्त्रीने. “गुरुजी, चेन वाढली,” असे मी म्हणालो तेव्हा तो हसला. “चेन काय रबर हाय व्हय वाढायला? ती झिजली.”

आणि त्याने मला जे दाखवले, ते दहावीपर्यंत शिकलेल्या मला शाळेत कोणी दाखवले नव्हते. चेनच्या प्रत्येक सांध्यात एक पिन असते, तिच्याभोवती एक पोकळ नळी, म्हणजे बुश, आणि त्याच्यावर फिरणारा रोलर. १८८० साली मँचेस्टरमध्ये हॅन्स रेनॉल्ड नावाच्या मूळच्या स्विस माणसाने ही बुशची युक्ती काढली. राइट बंधूंच्या १९०३च्या विमानाचे पंखेसुद्धा चेननेच फिरत. त्यांतली एक चेन इंग्रजी आठच्या आकड्यासारखी उलटी टाकलेली होती, कारण दोन पंखे विरुद्ध दिशांना फिरवायचे होते. एवढ्या थोर घराण्यातली ही वस्तू झिजते मात्र आत, पिन आणि बुश यांच्यामध्ये. माझ्या चेनला १२० कड्या. एका सांध्यात मिलिमीटरचा दहावा भाग झिजला, तर डोळ्यांना काही दिसणार नाही. पण १२० सांध्यांचे मिळून बारा मिलिमीटर होतात आणि चेन लोंबू लागते. मी तेल फाशीत होतो ते बाहेरून. मिस्त्री म्हणाला, “तुम्ही उपाशी माणसाच्या अंगाला तूप चोळताय.”

त्याच वेळी शहाणा झालो असतो तर बोट वाचले असते. पण नवीन चेनचे पैसे पाहून मी ठरवले, की पावसाळाभर हीच चालवू, फक्त अधिक घासून पुसू.

भाद्रपदातला रविवार होता. शाळेच्या पडवीत गाडीखाली लाकडाचा ओंडका सारून मागचे चाक मी अधांतरी केले. सहावीतला एक मुलगा नेहमी मदतीला येई. गाडीचे त्याला वेड होते. हाताने चाक फिरवायचा कंटाळा म्हणून मी इंजिन सुरू केले, पहिला गिअर टाकला, फडके चेनला लावले आणि त्याला म्हणालो, “जरा रेस दे.” त्याने दिली. मागच्या चक्राने फडके ओढून घेतले, आणि फडक्याबरोबर मला. दुखले नाही, ते नंतर. पोराने किल्ली फिरवून इंजिन बंद केले नसते, तर आज मला डाव्या हाताने लिहावे लागले असते.

दवाखाना, टाके, दीड महिन्याची रजा. परत आलो तेव्हा फळ्यावरचे माझे अक्षर पहिलीतल्या पोरासारखे झाले होते आणि सहावीतली एक जागा रिकामी होती. मुले म्हणाली, “तो येत न्हाई, गुरुजी. त्यानं तुमचं बोट तोडलं ना.”

मी त्याच्या घरी गेलो. तो गोठ्यामागे जाऊन बसला. चूक माझी होती, चालत्या चेनला हात लावणारा मूर्ख मी होतो, हे मी नाना प्रकारांनी सांगितले. त्याच्या आईला पटले, त्याला पटले नाही. शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाला आपले शब्द असे फुकट जाताना पाहणे बोटाहून अधिक लागते.

पुढच्या खेपेला मी बोललोच नाही. मिस्त्रीकडून जुनी चेन आणि चौदा दातांचे पुढचे चक्र आणले होते, ते त्याच्या ओट्यावर ठेवले. “वर्गात आपण लसावि करतोय. चक्राला दात १४, चेनला कड्या १२०. एक दात किती कड्यांना भेटतो, ते मला काढून हवंय,” एवढे म्हणून निघून आलो.

चौथ्या दिवशी प्रार्थनेला तो हजर. चेन गळ्यात माळेसारखी, चक्राच्या एका दाताला खडू फासलेला. “गुरुजी, ह्यो दात निम्म्याच कड्यांना भेटतो. साठ. आन् चेनमधी एक कडी रुंद, एक अरुंद हाय. ह्याला सगळ्या रुंदच भेटत्यात.” मग जरा थांबून म्हणाला, “तेरा दात असते तर समद्या भेटल्या असत्या.”

हे त्याने लसाविने काढले नव्हते. एकेक कडी दातावर चढवून मोजले होते. पण बरोबर होते. १४ आणि १२० यांचा लसावि ८४०, १३ आणि १२० यांचा १५६०. पुढचे सरळ आहे.

मिस्त्रीला सांगितले, तर तो म्हणाला, “दात सम का विषम, त्याचं ऱ्हाऊ द्या. माती काढता का नाही ते बघा.” तरी तेरा दातांवर तोही खूश होता. मागे बेचाळीस तसेच ठेवून पुढे एक दात कमी केला, की प्रमाण तीनचे सव्वातीनला टेकते. चढाला गाडी जोर धरते, महामार्गावर मात्र उगीच ओरडते. मला महामार्गावर काम नाही.

नवी चेन ओ-रिंगची घेतली. सांध्यांच्या पट्ट्यांमध्ये रबराच्या बारीक कड्या असतात. कारखान्यात भरलेले ग्रीस त्या आत कोंडून ठेवतात आणि माती बाहेर अडवतात. किंमत साध्या चेनच्या जवळजवळ तिप्पट. जुनीच चक्रे ठेवून पैसे वाचवावे म्हटले, तर मिस्त्री ऐकेना. मागचे दात वाकड्या नखांसारखे झाले होते. असले दात नवी चेन खातात. हिला पेट्रोल चालत नाही, तारेचा ब्रश चालत नाही, रबर जाते. रॉकेल मिळाले तर फडक्याने पुसायचे आणि गाडी फिरवून आणल्यावर, चेन कोमट असताना नव्वद नंबरचे ऑइल थेंबथेंब सोडायचे. मध्यावर सव्वा-दीड इंच खालीवर हालली पाहिजे. घट्ट चेन नेटकी दिसते. पण दोघे बसून गाडी खड्ड्यात दबली, की ती ताठ होऊन गिअरबॉक्सचे बेअरिंग ओढते.

आता दर पंधरवड्याला तो येतो. चाक हातानेच फिरवायचे, तेही त्याने; ऑइल मी घालायचे. ओंडका सारून झाला, की तो आधी गाडीची किल्ली काढतो, आपल्या चड्डीच्या खिशात टाकतो आणि खिसा वरून दाबून पाहतो. मग मला म्हणतो, “हं, घाला आता.”