जुन्या इंजिनाचा कार्यभार

सरकारी नोकराच्या घरातील वस्तूंचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात : बदलीत बरोबर न्यावयाच्या आणि बदलीपूर्वी विकून टाकावयाच्या. पोळपाट, देव आणि मुलांची प्रगतिपुस्तके हे पहिल्या वर्गात निर्विवादपणे मोडतात. लाकडी मांडणी, पाण्याचे पिंप आणि ज्याचे एक पाते वाकडे आहे असा पंखा हे दुसऱ्या वर्गात. परंतु काही वस्तू अशा असतात की त्या कोणत्याच वर्गात सुखाने बसत नाहीत. म्हैसूरहून दिल्लीस जाण्याचा हुकूम आमच्या हाती पडला, तेव्हा आमच्या घरापुरता हा मान १९७२ सालच्या एका जावा मोटारसायकलीला मिळाला.

वास्तविक प्रवासभत्त्याच्या नियमांप्रमाणे एक दुचाकी सरकारी खर्चाने नेण्याचा आम्हांस हक्क आहे. पण राजधानीत जुन्या वाहनाची कथा निराळी. पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली निर्बंध घातले, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली त्यांवर शिक्कामोर्तब केले आणि त्यानंतरही आदेशांवर आदेश होत गेले. हे सारे वाचून एवढेच समजले की, पन्नाशी उलटलेल्या वाहनास दिल्लीचे पाणी मानवणार नाही. सबब गाडी विकावयाची हे ठरले. प्रश्न उरला तो असा की, तिचे इंजिन नव्याने बांधून विकावी की आहे तशीच विकावी?

ज्यांना या यंत्राचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. जावा ही मूळची चेकोस्लोव्हाकियातील पेढी, १९२९ साली स्थापन झालेली. यानेचेक हा संस्थापक आणि वाँडरर ही जर्मन गाडी, या दोन नावांची पहिली अक्षरे जोडून तिचे नाव बनले. मुंबईच्या इराणी मंडळींनी तिच्या सहकार्याने म्हैसुरात यादवगिरी भागात कारखाना काढला आणि १९६१ पासून तेथे गाड्या तयार होऊ लागल्या. सहकार्याचा करार सरल्यावर १९७३ च्या सुमारास तीच गाडी 'येझदी' या नावाने बाहेर पडू लागली. १९९६ साली कारखाना बंद झाला. पुढे २०१८ साली 'जावा' आणि २०२२ साली 'येझदी' ही नावे बाजारात परतली खरी, परंतु ती चार स्ट्रोकच्या निराळ्याच यंत्रांवर. म्हैसुरात मात्र जुन्या गाड्यांचा आवाज अजून ऐकू येतो आणि जुन्या कारखान्यात उमेदीची वर्षे घालविलेली माणसे अजून भेटतात. परमुलखात येऊन पडलेल्या आम्हांस या गावाने आपलेसे करून घेतले ते प्रथम या गाडीच्या द्वारे. कन्नड येत नव्हते तेव्हाही चौकात ती बंद पडली की चार माणसे गोळा होत, आणि मग भाषेवाचून काही अडत नसे.

यंत्र म्हणाल तर अगदी साधे. एक सिलिंडर, ६५ मिलिमीटर व्यास, ७५ मिलिमीटर धाव. म्हणजे सुमारे अडीचशे घनसेंटिमीटर. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. सुरू करण्याची कळ आणि गिअर बदलण्याची कळ एकच. कळ आत दाबून वर फिरविली की तीच किक होते. झडपा नाहीत, निराळा तेलपंप नाही. पेट्रोलात मिसळलेले तेलच क्रँकच्या बेअरिंगांना पाजावयाचे. जितके साधे तितके सोशिक. आणि माणसाप्रमाणेच यंत्रातही सोशिकपणाचा तोटा असा की, दुखणे फार उशिरा कळते.

आमच्या गाडीचे दुखणे गेल्या पावसाळ्यापासून आम्हांस कळू लागले. चढावर, भार पडला की, आतून एक खोल ठोका ऐकू येई. थंड इंजिनात पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटतो, पण तो आवाज इंजिन तापले की कमी होतो. प्रायमरी चेन सैल असेल तर आवाज येतो, पण तो खुळखुळ्यासारखा. हा ठोका तसा नव्हता. तो तापल्यावरही राही आणि भाराबरोबर वाढे. कनेक्टिंग रॉडचे खालचे बेअरिंग झिजले म्हणजे असे होते. शिवाय सुरू करताना पांढुरका धूर जास्त येई. गिअरपेटीकडील ऑइल सील म्हातारे झाले की तिकडचे तेल क्रँकच्या पोटात ओढले जाते आणि जळते, त्याचा तो धूर.

आमचे मेस्त्री सत्तरीचे गृहस्थ आहेत. म्हैसूरची दख्खनी बोलतात आणि कमी बोलतात. त्यांनी सिलिंडर उतरवून रॉड बोटांत धरला आणि हलकेच वरखाली केला. आडवा हललेला चालतो. उभा हलला की समजावे. तो उभा हलला. केसाएवढाच, पण हलला. आम्ही खर्चाचा अंदाज विचारला. त्यांनी तो वर्तमानपत्राच्या कडेला लिहून दिला : बोअर करून मोठा पिस्टन टाकणे, ४,००० रुपये, क्रँक दाबयंत्रावर उकलून नवा रॉड, पिन व बेअरिंग घालणे आणि लेथवर सरळ करून घेणे, ६,५००, मुख्य बेअरिंगे व सील, ३,०००, क्लचच्या प्लेटा व प्रायमरी चेन, ३,५००, मजुरी, ७,०००. एकूण चोवीस हजार.

आता आकडेमोड हा तर आमचा पोटाचा धंदा. आहे त्या स्थितीत गाडीला सत्तर हजारांच्या आसपास मागणी होती. इंजिन बांधले तर नव्वद मिळतील असा जाणत्यांचा कयास होता. चोवीस घालून वीस मिळवावयाचे, म्हणजे चार हजारांची खोट. कार्यालयात असे प्रकरण आले असते तर आम्ही 'प्रस्ताव किफायतशीर नाही' असा शेरा मारून मोकळे झालो असतो. पण घरच्या प्रकरणांत शेरा मारल्याने प्रकरण मिटत नाही.

चार हजारांची खोट सोसण्याची आमची तयारी होती, हे येथे स्पष्टच सांगतो. सहा वर्षे ज्या गाडीने आम्हांस चामुंडीच्या टेकडीवर नेले, रात्री दोन वाजता आजारी मुलाला दवाखान्यात पोहोचविले, तिने पोटात ठोका घेऊन परक्या घरी जावे हे मनाला रुचेना. शिवाय पुढचा मनुष्य चार महिन्यांनी भर रस्त्यात उभा राहील आणि आमच्या नावाने बोटे मोडील, ही भीती होतीच. परगावी राहणाऱ्या मराठी माणसाचे एक विशेष असते : तो चुकला तर त्याच्या नावावर भागत नाही, त्याच्या मुलखावर जाते.

आमच्या एका स्नेह्यांनी तिसरा मार्ग सुचविला. "अहो, पेट्रोलात तेल जरा सढळ घाला, गाडी सकाळी थंड असताना दाखवा, आणि चढावर नेऊच नका. आवाज दबतो. विकणाऱ्याने विकावे, घेणाऱ्याने पाहावे!" सल्ला व्यवहारी होता. जुन्या गाड्यांचा पुष्कळसा बाजार अशाच सल्ल्यावर चालतो हेही खरे. आम्ही हसून विषय बदलला. परंतु घरी आल्यावर जे जाणवले ते असे की, इंजिन बांधून विकणे आणि आवाज दाबून विकणे, या दोहोंत आम्हांस वाटत होते तेवढे अंतर नाही.

हे विधान चमत्कारिक वाटेल म्हणून खुलासा करतो. इंजिन बांधले की ते बंद होते. आत कोणता रॉड घातला, क्रँक लेथवर किती काटेकोर सरळ केला, सील अस्सल की नकली, हे बाहेरून कोणाला दिसणार? नव्या बोअरचे इंजिन पहिले हजारेक किलोमीटर जपून, हलक्या हाताने चालवावे लागते. मगच ते कसे जमले ते कळते. आम्हांस कार्यमुक्त होण्यास सहा आठवडे होते आणि त्यांतले चार कामातच गेले असते. म्हणजे ज्याची परीक्षा झालेली नाही असे इंजिन आम्ही 'नवे बांधलेले' म्हणून नव्वद हजारांना विकणार, आणि परीक्षा घेणार घेणारा, तीही आम्ही बाराशे मैलांवर गेल्यावर. हेतू शुद्ध असला तरी घेणाऱ्याच्या हाती पडणार होते ते झाकलेले माणिकच. आणि झाकलेल्या वस्तूचा गुण झाकणाऱ्याच्या हेतूवर ठरत नाही.

मेस्त्रींनी हेच एका वाक्यात सांगितले. "साब, चलाने के वास्ते खोलो. बेचने के वास्ते नक्को."

आणखी एक मुद्दा कायद्याचा. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली खास नियम केले. वाहन मूळ स्वरूपात जतन केलेले असावे, त्याच्या सांगाड्यात, कवचात वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्यांत अट आहे. अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, मेळावा अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर येते. कोणी त्या वाटेने जाईल, कोणी दर पाच वर्षांनी साध्या नोंदणीचे नूतनीकरण करून रोज बाजारात जाईल. एकाला अस्सल जुना भाग थोडा झिजलेलाही प्रिय असतो. दुसऱ्याला नवा भाग आणि निर्धास्त प्रवास हवा असतो. हा निवाडा आम्ही चोवीस हजार खर्चून घेणाऱ्याच्या वतीने का करावा?

शेवटी सौभाग्यवतींनी जे विचारले त्याने गाठ सुटली. त्या म्हणाल्या, "तुम्ही टेबल सोडताना पुढच्यासाठी काय करता? सगळ्या फायली निकालात काढून जाता का?"

काढून जात नाही. कोणीच जात नाही. प्रलंबित प्रकरणे घाईने निकालात काढणे हे तर कार्यभार सोडतानाचे सर्वांत वाईट कृत्य. आपण करतो ते एवढेच की, एक टिपण लिहितो : अमुक प्रकरण अमुक टप्प्यावर आहे, अमुक कागद मिळालेला नाही, अमुक ठिकाणी जपून. प्रामाणिक टिपण मागे ठेवून गेलेल्या माणसाला पुढचा कारकून मनातून नमस्कार करतो, हे आपणांपैकी प्रत्येकाने अनुभविले आहे.

मग आम्ही तसेच केले. सिलिंडर पुन्हा चढविण्यापूर्वी रॉडचे व पिस्टनचे फोटो काढले. सायलेन्सरमधील काजळी जाळून साफ केली, कार्ब्युरेटर धुतला, पॉइंट घासून घेतले. म्हणजे जे नित्याचे होते तेवढे केले आणि जे मोठे होते त्याला हात लावला नाही. नंतर फूलस्केप कागदावर दहा कलमी टिपण लिहिले. पहिले कलम खालच्या बेअरिंगच्या ठोक्याचे, दुसरे धुराचे, आणि दहावे दिव्याच्या खटक्याचे, जो डावीकडे किंचित दाबून धरावा लागतो. मेस्त्रींचा अंदाजही नकलून सोबत जोडला.

पहिल्या गिऱ्हाइकाने टिपण वाचले आणि तो निघून गेला. दुसऱ्याने पंचावन्न हजार सांगितले. तेव्हा आमच्या स्नेह्यांच्या चेहऱ्यावर जे भाव उमटले ते येथे वर्णन करीत नाही. तिसरा एक पंचविशीतला तरुण होता. बंगळूरला नोकरी, घर म्हैसुरात. त्याने टिपण दोनदा वाचले, गाडी स्वतः चढावर नेऊन ठोका ऐकला, आणि परत येऊन अडुसष्ट हजार मोजावयास तो तयार झाला. भाव करण्याऐवजी त्याने एकच विचारले, "सर, इंजिन अजून खोललं नाही ना? मला स्वतः खोलायचंय." त्याचे हिंदी आणि आमचे कन्नड यांच्या मधोमध कोठेतरी सौदा झाला. एकोणतीस आणि तीस क्रमांकांच्या नमुन्यांवर सह्या झाल्या. रक्कम दोन महिन्यांच्या मूळ वेतनापेक्षा अधिक होती, म्हणून १९६४ च्या वर्तणूक नियमांतील अठराव्या नियमान्वये महिन्याच्या आत कार्यालयास कळविले. त्या नमुन्यात वस्तू, किंमत आणि घेणाराचे नाव मागतात. ठोका सांगितला होता की नाही हे कोणी विचारीत नाही.

हिशेबाने पाहिले तर अपेक्षेहून दोन हजार कमी आले. इंजिन बांधले असते तर हाती सहासष्ट उरले असते. म्हणजे फायदा झाला असेही म्हणता येईल, पण तो मुद्दा आम्ही आमच्या स्नेह्यांपुरताच राखून ठेवला आहे.

दिल्लीस येऊन चार महिने झाल्यावर त्या तरुणाचे पत्र मोबाईलवर आले. त्याने इंजिन उतरविले होते. दहापैकी नऊ कलमे बरोबर निघाली. प्रायमरी चेन मात्र आम्ही लिहिली होती तितकी वाईट नव्हती. सोबत क्रँकचा फोटो होता. त्याच्या चाकावर छिन्नीने मारलेल्या दोन बारीक खुणा दिसत होत्या. म्हणजे पूर्वी केव्हातरी, आमच्याही आधीच्या कोणा धन्याने, हा क्रँक उकलून बांधून घेतला होता, आणि त्याची नोंद कोणीच कोठे ठेवलेली नव्हती. तरुणाने लिहिले होते, "सर, अकरावे कलम मी लिहिले आहे. टिपण गाडीच्या कागदांत ठेवले आहे."