दोनशे त्रेचाळीस वाटा

वाकडी रेघ सरळ रेघेइतकीच सोपी असते! अगदी तितकीच, तसूभरही अवघड नाही. लातूरहून नांदेडला येणाऱ्या एस.टी.त, अहमदपूरच्या अलीकडे, हे लख्ख कळलं आणि शेजारच्या काकांना सांगितल्यावाचून राहवलंच नाही. ते म्हणाले, "बरं." त्यांचं काय चुकलं? सुरुवात त्यांना माहीतच नव्हती. तुम्हाला पहिल्यापासून सांगतो.

भाचा लातूरला अकरावीत आहे, जेईईच्या मागे लागलेला. त्याच्या खोलीवर गेलो तर त्याचा रूम पार्टनर फोनवर स्लॉटचा खेळ खेळत पडलेला. फुकटातला, खोट्या नाण्यांचा. खऱ्या पैशांचे असले ऑनलाइन खेळ संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंद केले आहेत. पडद्यावर पाच उभे पट्टे गरगर फिरायचे, थांबायचे, प्रत्येकाची तीन-तीन चित्रं दिसायची. आणि मध्येच एक पिवळी नागमोडी रेघ सळसळत उमटायची: वर, खाली, वर, खाली, वर. की वाजली गाणी! ही रेघ आली कुठून? ठरवली कुणी? पोराला पत्ता नव्हता आणि पर्वाही नव्हती. भाच्याने मात्र एक सोडवलेला टेस्टपेपर पालथा घातला, पाच रांगांत तीन-तीन ठिपके काढले आणि पेन माझ्या हातात दिलं. "मामा, प्रत्येक रांगेतला एकच ठिपका घ्या अन् डावीकडून उजवीकडं जोडत जा. किती रेघा निघतील?"

तीन गुणिले तीन गुणिले तीन, असं पाच वेळा. २४३!

म्हणजे त्या एवढ्याशा पडद्यावर २४३ वाटा आधीपासूनच आहेत. खेळ बनवणारा त्यातल्या वीस-पंचवीस निवडतो आणि म्हणतो, या माझ्या 'पेलाइन'. समजा वीस निवडल्या. उरलेल्या २२३ वाटांपैकी एखादीवर एकच चित्र, समजा आंबा, पाचही पट्ट्यांत ओळीने बसलं तरी त्या वाटेची म्हणून दमडी मिळत नाही. आणि निवडलेल्या वाटेवरही आंबे पहिल्या पट्ट्यापासून सलग लागतात. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्यावर आले तर बहुतेक खेळांत ते नुसते बघायचे. काही खेळ रेघांची भानगडच ठेवत नाहीत, सगळ्या २४३ वाटा मोजतात. काहींत तर सहा पट्टे आणि प्रत्येकावर सातपर्यंत चित्रं: सातचा सहावा घात, १,१७,६४९ वाटा!

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फेने 'लिबर्टी बेल' हे यंत्र केलं तेव्हा तीन चाकं होती आणि रेघ एकच, आडवी. तीन घंटा आल्या की सगळ्यात मोठं बक्षीस. पुढे चाकं जाऊन पडदा आला आणि रेघा ओढणं फुकट झालं.

आता एस.टी.तला साक्षात्कार. नागमोडी रेघ जुळणं दुर्मीळ असणार, मधली सरळ रेघ सोपी असणार, असं कुणालाही वाटेल. पण पट्टा म्हणजे चित्रांची गोल माळ. समजा तीस चित्रांची, त्यात तीन आंबे. माळ कुठेही थांबू दे, वरच्या घरात आंबा असण्याची शक्यता तिसांत तीन, मधल्या घरात तीच, खालच्यातही तीच. आणि एका पट्ट्याला दुसऱ्याची खबर नसते. मग रेघ वर जाऊ दे नाहीतर खाली, पहिले तीन आंबे लागण्याची शक्यता एक दशांश तीनदा गुणून हजारात एक. पाचही लागण्याची लाखात एक. २४३ च्या २४३ वाटांना हाच हिशोब!

आणि तिथून पुढचं आपोआप उलगडत जातं. सगळ्या रेघा सारख्या, तर सरासरीने प्रत्येक रेघ सारखंच परत देणार. समजा शंभरातले पंचाण्णव. एका रेघेवर एक नाणं लावून हजार डाव खेळलात तर सरासरी पन्नास नाणी जातात. वीसही रेघा चालू केल्या तर प्रत्येक डावाला वीस नाणी, आणि हजार डावांत सरासरी हजार नाणी साफ. टक्का तोच, रक्कम वीसपट! रेघा वाढल्या की काहीतरी लागण्याचे प्रसंग वाढतात, हे खरं. पण कसलं लागणं? वीस नाणी लावली, एका रेघेवर पाच आली, पंधरा गेली; आणि पडदा काय करतो? दिवे, घंटा, नाण्यांचा पाऊस! कॅनडातल्या संशोधकांनी या प्रकाराचा अभ्यासच केला आहे; जिंकण्याच्या वेषातलं हरणं, असं ते म्हणतात. काय बेरकी डोकं असेल ते बनवणारं! मला राग यायला हवा होता, पण खरं सांगतो, आधी दादच द्यावीशी वाटली.

बटण दाबताच कुठली माळ कुठे थांबणार ते यादृच्छिक आकड्याने ठरलेलं असतं. गरगर फिरणं निव्वळ देखावा.

शिरूर ताजबंदला गाडी थांबली तेव्हाच भाच्याला फोन केला होता. तो म्हणाला, "मामा, अजून तेच मोजायलात का?" मग त्याने मटक्याच्या चार्टची आठवण काढली. शून्य ते नऊ या आकड्यांतून तिघांची पत्ती: तिन्ही वेगळे असले तर १२०, दोन सारखे असले तर ९०, तिन्ही सारखे १०, एकूण २२०. टपरीवरचा म्हातारा हे २२० तोंडपाठ सांगतो. भाच्याच्या पुस्तकात तोच आकडा सूत्राने येतो. दोघांची गाठ घालून द्यायची माझी फार इच्छा आहे.

लोहा मागे पडलं आणि मी स्कॅटरला हात घातला. हे चित्र रेघांना जुमानत नाही, पंधरा घरांत कुठेही तीन आली की चालतं. समजा तीस चित्रांच्या प्रत्येक माळेत एकच स्कॅटर. तीन घरं दिसतात, म्हणून एका पट्ट्यावर तो दिसण्याची शक्यता एक दशांश. पाचांतले कोणतेही तीन पट्टे निवडायचे, म्हणजे दहा प्रकार. त्यात चार आणि पाचांची भर घातली. तिकिटाच्या मागची जागा संपली, पण उत्तर निघालं: साधारण ११७ डावांत एकदा! काकांना सांगायला वळलो, तर ते झोपलेले.