राजाचा बिल्ला

आबांच्या ट्रंकेतला इटली स्टार, दुसऱ्या महायुद्धातलं त्यांचं पदक, हे माझं लहानपणीचं खेळणं. सहा टोकांचा, पिवळट धातूचा, लाल-पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांच्या फितीचा. चोर-पोलिसात तो नेहमी फौजदाराच्या सदऱ्यावर असायचा. आबा फक्त दिवेलागणीला विचारत, "बिल्ला जागेवर ठेवला का?"

कॉलेजात गेल्यावर मात्र तो डोळ्यांत खुपू लागला. मधोमध इंग्रज राजाच्या नावाची आद्याक्षरं, वर मुकुट! १९४३ साली आबांची मराठा पलटण आठव्या डिव्हिजनबरोबर इटलीत उतरली. त्याच वर्षी आमच्या सातारा जिल्ह्यात इंग्रजांविरुद्ध नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहत होतं. भावकीतल्या एका घरात स्वातंत्र्यसैनिकाचा १९७२ चा ताम्रपट भिंतीवर झळकायचा. आमचा बिल्ला ट्रंकेच्या तळाशी. एकदा विचारलंच, "इंग्रजासाठी कशाला लढलात?"

"पलटणीतनं मनिऑर्डर यायची," बिडी विझवत आबा म्हणाले. "सावकाराकडचं रान सुटलं त्याच्यावर."

लढाईचं ते क्वचितच बोलत. बोललेच तर चिखलाचं, नाहीतर थंडीत ओले मोजे बनियनच्या आत, अंगाच्या उबेवर सुकवण्याचं. पाय कुजला की शिपाई संपला. रानातून आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करायची त्यांची सवय अखेरपर्यंत गेली नाही.

९ एप्रिल १९४५ चा एकच प्रसंग ते पुन्हा पुन्हा सांगत. सेनिओ नदीच्या बांधावर जर्मन मशीनगनी. त्यांच्या पलटणीतल्या नामदेव जाधवांनी दोघा जखमींना एकेक करून पाण्यातून, चढणीवरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं. मग परत जाऊन मशीनगनी बंद पाडल्या आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धघोषणा दिली. जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आबांच्या सांगण्यात मात्र क्रॉस शेवटी यायचा, आधी ते दोन जखमी. "त्या वक्ताला तिथं राजा कुठं व्हता?" असं म्हणून ते गप्प होत.

युद्ध संपलं, फौज कमी झाली, आबा घरी आले. तेवढ्या नोकरीला पेन्शन नव्हतं. सोडवलेल्या रानात त्यांनी पुढची सगळी वर्षं काढली.

गेल्या वर्षी बिल्ल्याला चौकट केली. खाली 'शूर' वगैरे काही नाही. नाव, पलटण, सालं एवढंच. पाहुणे लढाईचं विचारतात, तेव्हा मी सावकारापासून सुरुवात करतो. त्याच्यावाचून आबा इटलीला का गेले ते कळत नाही, आणि सेनिओवाचून ते तिथे कोणासाठी टिकले ते.