पिवळी बत्ती आणि झाकणाआडची धूळ

दसऱ्याच्या सुमाराला बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. त्याआधी ट्रॉलीचा हुक, टायरगाडीचा आस, लोखंडी जू, असं सगळं वेल्डिंगच्या दुकानासमोर येऊन पडतं. अशा घाईत वेल्डिंगचं इन्व्हर्टर मशीन मध्येच थांबलं आणि पिवळी बत्ती लागली, की ‘नवीन मशिनी नाजूकच’ हा शेरा ठरलेला. मला तो पटत नाही. बत्ती लागली याचा अर्थ मशीननं स्वतःला वाचवलं. ती रोज लागत असेल, तर दोष बहुधा बाहेर असतो. आतलं संरक्षण फक्त आतलं ओळखतं, तेही सगळं नाही, आणि उरलेली राखण आपल्याकडे आहे, हे आपण धरूनच चालत नाही.

उष्णतेचंच घ्या. मशीनच्या पाटीवर ड्युटी सायकल, समजा, 60 टक्के लिहिलेली असते. म्हणजे पाटीवर दिलेल्या करंटवर दहा मिनिटांत सहा मिनिटं काम, चार मिनिटं विसावा. हा हिशोब साधारणपणे 40 अंशांच्या हवेचा. एप्रिल-मेमध्ये बीडचा पारा सावलीतच 40 ओलांडतो, आणि काम चालतं तापलेल्या पत्र्याखाली. त्यात काळ्या मातीची धूळ आणि ग्राइंडरचा लोखंडी कीस पंखाच आत ओढून घेतो. सेन्सर हीटसिंकचं तापमान मोजतो, आतल्या सर्किट बोर्डावर साचलेला कीस त्याला दिसत नाही. पावसाळ्यात हवा दमट झाली की तोच कीस दोन पट्ट्यांमध्ये पूल बांधतो, आणि बत्ती लागायच्या आत बोर्ड जातो. बाहेरच्या केबलचंही तसंच. केबलच्या टोकाचा लग ढिला होऊन जोडावर एका ओहमचा शंभरावा भाग एवढाच रोध वाढला, तरी 150 अँपिअरला तिथं 225 वॉट जळतात. होल्डर तापतो, ठिणगी तुटते, रॉड चिकटतो. मशीनच्या लेखी मात्र सगळं ठीक असतं. वेल्डर करंटचं बटण आणखी फिरवतो, आणि मग खरोखरच बत्ती लागते.

विजेच्या बाबतीत तर संरक्षणाची मर्यादा मशीनच्या रचनेतच आहे. व्होल्टेज 230 वरून 170 वर आलं, तर तेवढंच काम काढायला इन्व्हर्टर लाइनमधून सुमारे एक तृतीयांश जास्त करंट ओढतो. खूपच खाली गेलं तर तो थांबतो, इथवर ठीक. पण न्यूट्रल तुटून व्होल्टेज एकदम चढलं, तर संरक्षण मशीनमधला इन्व्हर्टरचा भाग बंद करतं, आणि त्याच्या आधी बसलेले रेक्टिफायर नि कपॅसिटर लाइनवरच राहतात. त्यांना वाचवायचं तर बाहेर वेगळा कट-ऑफ हवा. माणसाचं तर आणखी वेगळं. रॉड टेकवण्याआधी होल्डरवर बऱ्याच मशिनींमध्ये 60 ते 80 व्होल्ट असतात. घामानं भिजलेल्या माणसाला तेवढे पुरतात. पिवळ्या बत्तीचा याच्याशी काही संबंध नाही. इथं कोरडे हातमोजे आणि न फाटलेला होल्डर लागतो, आणि मशीनच्या पेटीत करंट उतरला तर त्यासाठी खरीखुरी अर्थिंग.

जुनी तांब्याची मशीन वीस वर्षं न उघडता चालली, असं कुणी म्हणेल. चाललीही असेल. तिच्यात बोर्डच नव्हता, आणि तांबं-लोखंडाचं ते धूड तापायलाच वेळ लागायचा. शिवाय ती दोघांनी उचलावी लागे आणि वीजही जास्त खाई, हे आठवणीतून गळतं. दुसरा आक्षेप साफसफाईला लागणाऱ्या वेळेचा, आणि तो खरा आहे. हंगामात दुकान बंद ठेवणं परवडत नाही. पण पुसापुशीला दुकान बंद ठेवावंच लागत नाही. मशीनचा प्लग काढायचा, कपॅसिटर उतरायला कंपनीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबायचं, झाकण काढून कोरडी हवा हलक्या दाबानं मारायची. टायरवाल्याकडची जोरदार हवा नको. तिच्यात पाणी असतं, आणि तिनं कीस आणखी खोल बसतो. मग लग आवळायचे आणि पंखा मोकळा फिरतो का ते बघायचं. दुपारच्या भाकरीएवढाच वेळ.

खंडेनवमीला याच मशीनला हळद-कुंकू लागतं, झेंडूचा हार चढतो. बऱ्याचदा तो हार नेमका पंख्याच्या जाळीवर लोंबत असतो, आणि दुसऱ्या दिवशी ट्रॉल्यांची रांग लागली तरी तो काढायला कुणाला सवड होत नाही.