५० हर्ट्झचा कॉन्ट्रा



कॉन्ट्रा खेळलेल्यांनी हात वर करा! ज्यांचं बालपण नव्वदीत गेलं त्यांना वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी: टीव्हीला जोडायचा तो 'व्हिडिओ गेम' म्हणजे निन्टेंडोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची नक्कल. आपल्याकडे सामुराई वगैरे नावांनी मिळायची. कॅसेटवर छापलेलं '९९९९ इन १', आत खरे गेम दहा-बारा, बाकी तेच परत नवीन नावाने. खेळांचे गेम होते, एक्साइटबाइक, फुटबॉल, टेनिस. क्रिकेट मात्र नाही. १९९२ मध्ये इंटरनॅशनल क्रिकेट नावाचा एक निघाला, तोही फक्त ऑस्ट्रेलियात. आता बोला!

आमच्या सांगलीच्या घरी एकट्याने खेळणं हा प्रकारच नव्हता. पहिला रिमोट दादाचा, दुसरा माझा. कॉन्ट्राच्या तिसऱ्या लेव्हलला धबधबा लागतो. एक जण भराभर वर चढला की पडदा सरकतो आणि खाली राहिलेला मरतो. मी माकडासारखा चढायचो, दादा मरायचा. शिवाय आपल्या लाइफ संपल्या की ए बटण दाबून जोडीदाराची एक घेता येते, त्याला विचारावंही लागत नाही. माझ्या नेहमी आधी संपायच्या. दादाने कधी हूं की चूं केलं नाही.

२००४ मध्ये बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. दादा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होता, तो दुकानात बसला तो आजतागायत. माझं इंजिनिअरिंग, हॉस्टेल, इकडे यायचं पहिलं तिकीट, सगळं त्या किराणा दुकानातून आलं. यावर आम्ही दोघं कधी बोललेलो नाही. आपल्या घरांत बोलत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात दादा-वहिनी पहिल्यांदाच वेस्ट विंडसरला आले. मर्सर काउंटी पार्क झालं, प्रिन्सटन जंक्शनहून गाडीने न्यूयॉर्क झालं. पाचव्या दिवशी दादा बसल्या बसल्या कंटाळला, तेव्हा मी गराज सेलमध्ये घेतलेला जुना निन्टेंडो काढला. सोबत कॉन्ट्राची अमेरिकन कॅसेट.

पहिल्याच मिनिटात दादा दोनदा मेला. म्हणाला, "हे जोरात पळतंय रे."

"वय झालं तुझं," मी म्हटलं.

पण त्याचंच बरोबर होतं. तेव्हाचा भारतातला टीव्ही पाल पद्धतीचा होता, सेकंदाला ५० वेळा चित्र रंगवणारा. अमेरिकेतला एनटीएससी, ६० वेळा. या जुन्या गेम्सचं सगळं गणित चित्राच्या फ्रेमवर चालतं. ५० ऐवजी ६० फ्रेम म्हणजे गेम एक पंचमांशाने जास्त वेगात. आपण लहानपणी खेळलो तो कॉन्ट्रा मुळातच हळू होता! मी इंजिनिअर, मला हे वाचून माहीत. दादाच्या बोटांना पंचवीसेक वर्षांनंतरही आठवत होतं.

वर-वर-खाली-खालीवाला तीस लाइफचा कोड त्याच्या मते लबाडी, त्यामुळे तो नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या लाइफ माझ्या आधी संपल्या.

"ए दाब, माझी घे."

"नको. तू खेळ, मी बघतो."

मी पॉज केला. पुतणीला पुण्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळत होता आणि दादा कर्जासाठी बँकेत खेटे घालत होता, हे मला वहिनीकडून कळलं होतं. मी म्हटलं, फी मी भरणार. तो म्हणाला, बघू. मी म्हटलं, बघू नाही. बराच वेळ पडदा तसाच थांबलेला. मग म्हणाला, "चालू कर." चालू केला. त्याने ए दाबलं.

धबधब्याला या वेळी खाली मी थांबलो. तो इतका सावकाश चढतो की विचारू नका.

ऑगस्टमध्ये पहिल्या वर्षाची फी भरली. वहिनीने पावतीचा फोटो पाठवला. दादाने त्यावर अजून अवाक्षर काढलेलं नाही, फक्त ५० हर्ट्झवाला गेम तिकडे चालेल का एवढं विचारून झालंय.