साहेब आले, कापूस अडला

मोठे पाहुणे येणार, आवार मोकळं दिसलं पाहिजे, म्हणून कापूस खरेदी केंद्राच्या फाटकातून आमच्या भरल्या ट्रॉल्या बाहेर काढल्या. त्याचा राग अजून जात नाही.

आम्ही घाटावरचे, चिखलीकडचे. घाट उतरायचा, खामगावात माप करायचं आणि दिवस मावळायला घरी, एवढाच हिशेब. त्या दिवशी रात्र रस्त्यावर गेली. ताडपत्री अर्ध्या ट्रॉलीलाच पुरली आणि दव पडलं. सकाळी ग्रेडरनं ओलावा मोजायचं यंत्र नेमकं उघड्या बाजूला खुपसलं. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, पुढे टक्क्यागणिक कपात, बाराच्या वर माल परत. आमचा अकरा निघाला.

‘‘साहेब, काल दुपारी खडखडीत होता.’’

‘‘कालचं सोडा, आज काय निघालं ते पहा.’’

मी म्हणालो, हे दव आमच्या वावरातलं नाही, तुमच्या रस्त्यावरचं आहे. मागचे कास्तकार हसले. कपात झाली ती झालीच. फाटकात नोंद होते तेव्हाच ओलावा मोजून चिठ्ठी द्यायला काय हरकत आहे? पण हे सांगायचं कुणाला!

खामगावाला बड्या पाहुण्यांची सवय जुनीच. १८७० साली राणीचा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जलंब-खामगाव रेल्वेफाट्याच्या उद्घाटनाला आला होता. लाइन जेमतेम आठ मैलांची. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडी कापूस आठवला. १८६५ साली युद्ध संपलं, भाव पडले, तरी रूळ मात्र आलेच. साहेबाला गाठी मुंबईच्या बंदरात हव्या होत्या. अशा समारंभांतली भाषणं छापून येतात, ताटकळलेल्या बंड्या नाहीत.

तरी साहेबानं कापसासाठी का होईना, लाइन टाकली. खामगाव-जालना मार्गाची मागणी आमचे आजोबा करायचे, आता आम्ही करतो. बुलडाणा जिल्ह्याचं ठिकाण, पण तिथं आजही रेल्वे नाही. निवडणूक आली की सर्व्हे आठवतो.

एवढी आगपाखड करतो खरा, पण लहानपणी जलंबला उतरून खामगावच्या गाडीत खिडकीशी बसलो की मला राजा झाल्यासारखं वाटायचं. ती लाइन कुणी आणि कशासाठी टाकली, हे कळल्यावरही त्या गाडीचा राग काही येत नाही. आणि जालन्याच्या लाइनचं उद्घाटन करायला कुणीही येवो, पहिला हार मीच घालीन.